स्तुतीचे मोल: आयर्लंडचा विद्वान कविसंघ आणि शब्दाच्या सत्याचा प्रश्न

काल्पनिक जगांवर उभारलेल्या कादंबऱ्यांत आणि खेळांत गायक-कवींचा एखादा विद्वान संघ हटकून भेटतो. या संघाला पायऱ्या असतात, विद्यापीठे असतात, गुप्त विद्या असते, आणि त्याच्या सभासदाने उच्चारलेल्या शब्दाने शत्रू गारठतो किंवा जखम भरून येते. ही कल्पना कोणा लेखकाच्या डोक्यातून आयती निघालेली नाही. १९७८ साली प्रसिद्ध झालेल्या ‘अॅडव्हान्स्ड डंजन्स अँड ड्रॅगन्स’ या खेळाच्या नियमपुस्तकात कवींच्या विद्यापीठांना जी नावे दिली आहेत, ती फोख्लुकन, मॅक-फुर्मी, डॉस, क्ली, ओल्लाव अशी आहेत, आणि थोड्याफार फरकाने हीच नावे मध्ययुगीन आयर्लंडच्या कायद्याच्या ग्रंथांत ‘फिली’ म्हणवल्या जाणाऱ्या विद्वान कवींच्या श्रेणींची नावे म्हणून येतात. खेळाने आपली शिडी खऱ्या इतिहासातून जवळजवळ जशीच्या तशी उचलली. ती उचलताना खाली राहून गेले ते एक अवघड तात्त्विक ओझे, जे फिलींनी जवळजवळ हजार वर्षे वाहिले.

ते ओझे थोडक्यात असे मांडता येईल. फिलीच्या शब्दाला जगात प्रत्यक्ष परिणाम घडवण्याचे सामर्थ्य आहे असे मानले जाई, आणि हे सामर्थ्य शब्दाच्या खरेपणावर अवलंबून आहे असेही मानले जाई. परंतु तोच फिली राजाच्या अन्नावर जगत होता, राजाची स्तुती रचून गुरे, सोने आणि जमीन घेत होता, आणि पैसे घेऊन केलेली स्तुती खरी कशी असू शकते या प्रश्नाला त्याला कायद्याने, पुराणकथेने आणि धर्मशास्त्राने उत्तर द्यावे लागत होते. ज्या समाजात शब्द निष्प्रभ मानला जातो तिथे भाट खोटे बोलला तर कोणाचे काही बिघडत नाही. जिथे शब्दाने राज्य जाते तिथे मात्र खोटी स्तुती ही निव्वळ अभिरुचीची बाब राहत नाही, ती पापाची बाब होते.

आयर्लंडच्या जुन्या कायद्यात फिली आणि बार्ड हे दोन वेगळे दर्जे होते, आणि कल्पनाकथांनी ज्याला बार्ड म्हटले तो या व्यवस्थेत खालच्या पायरीवर होता. त्याला वृत्तांची जाण असे, पण फिलीला लागणारा विधिवत अभ्यास त्याच्यापाशी नसे. फिलीच्या सात श्रेणी होत्या. सर्वांत खालचा फोख्लॉक आणि सर्वांत वरचा ओल्लाव यांच्यामध्ये बारा वर्षांचा अभ्यास होता असे परंपरा सांगते, आणि ओल्लावाला साडेतीनशे कथा येत असल्या पाहिजेत, त्यांतल्या अडीचशे मुख्य आणि शंभर दुय्यम, असा दंडक होता. आठव्या शतकाच्या सुमारास या श्रेणी जशा लिहून ठेवल्या गेल्या, त्यांची सातची संख्या ख्रिस्ती धर्मसंस्थेच्या सात पदांच्या नमुन्यावर बेतलेली आहे असे अभ्यासक मानतात; म्हणजे ज्याला आज निखळ मूर्तिपूजक परंपरा समजले जाते तिचे लिखित रूप मठांच्या सहवासात घडले होते. फिलीचे वडील आणि आजोबाही फिली असले तर त्याचा दर्जा पक्का होई. पण केवळ कुळ आणि पाठांतर एवढ्यावर भागत नसे. कवींच्या श्रेणींवरील ‘उरकेख्त ना रीअर’ हा ग्रंथ फिलीकडून विद्येची, मुखाची, हाताची आणि दांपत्यजीवनाची शुद्धता मागतो, आणि चोरी, लूट व बेकायदा वर्तन यांपासून दूर राहण्याची अट घालतो. मुखाची शुद्धता ही यांतली लक्ष देण्यासारखी अट आहे, कारण जो माणूस मुखाने मिळवतो त्याचे मुख हेच कायदा इथे तपासतो.

या तपासणीचे कारण निंदाकाव्यात सापडते. फिलीला स्तुतीइतकाच निंदेचा अधिकार होता, आणि कंजूष किंवा अन्यायी राजावर रचलेली निंदा त्याच्या चेहऱ्यावर फोड उठवते अशी श्रद्धा होती. व्यंग असलेल्या माणसाला राजपदावर राहता येत नसे, त्यामुळे चेहऱ्यावरचा फोड म्हणजे सिंहासनावरून पायउतार. ‘मॉय टुरा’च्या दुसऱ्या लढाईच्या कथेत कार्ब्रे हा कवी ब्रेस राजाकडे पाहुणा म्हणून येतो. राजा त्याला अंधाऱ्या, अरुंद खोपट्यात उतरवतो, जिथे ना शेकोटी, ना अंथरूण, आणि एका लहानशा थाळीत तीन कोरड्या भाकऱ्या पाठवतो. सकाळी उठून कार्ब्रे जी निंदा उच्चारतो ती आयर्लंडमधली पहिली निंदा मानली जाते, आणि त्या दिवसापासून ब्रेसच्या वैभवाला उतरती कळा लागते. इथे निंदा खरी आहे. आतिथ्य चुकले, राजा दोषी आहे, आणि शब्द केवळ त्या दोषाला वाचा फोडतो.

याच्या उलट बाजूची कथा अधिक खोल आहे. कॅशेलचा राजा आणि बिशप कोर्मक मॅक कुलेनन, जो ९०८ साली लढाईत मारला गेला, त्याच्या नावावर असलेल्या शब्दकोशात नेदे या तरुण कवीची गोष्ट येते. कोनाख्तचा राजा कायेर हा नेदेचा चुलता, त्याला मूलबाळ नव्हते म्हणून त्याने पुतण्याला पुत्रासारखे जवळ केले. राजाच्या पत्नीचा जीव नेदेवर जडला आणि तिने त्याला अर्ध्या राज्याचे आमिष दाखवून राजाच्या चेहऱ्यावर व्यंग आणण्याची युक्ती सुचवली. कायेरकडे स्कॉटलंडहून आलेला एक चाकू होता आणि तो कोणाला न देण्याचे त्याच्यावर बंधन होते. अशा बंधनाला आयरिश परंपरेत ‘गेश’ म्हणतात आणि ते मोडले की नाश ओढवतो. नेदेने नेमका तो चाकू मागितला. राजा देऊ शकला नाही. नेदेने त्याच्यावर कंजूषपणाचा आरोप ठेवून निंदा रचली, आणि दुसऱ्या दिवशी पहाटे झऱ्यावर तोंड धुताना कायेरच्या हाताला आपल्या चेहऱ्यावर तीन फोड लागले, एक लाल, एक हिरवा, एक पांढरा. लोकांनी पाहू नये म्हणून तो तिथूनच पळाला. नेदे वर्षभर राजा झाला. मग त्याला पश्चात्तापाने घेरले आणि तो कायेरच्याच रथात बसून, राजाची पत्नी आणि राजाचा शिकारी कुत्रा बरोबर घेऊन त्याच्या शोधात गेला. कुत्र्याने वास काढला, कायेर एका किल्ल्यामागच्या खडकाच्या आडोशाला सापडला, आणि पुतण्याला पाहताच लाजेने मरण पावला. त्या मृत्यूने खडक तापून पेटला, फुटला, आणि त्याची एक कपची नेदेच्या डोळ्यातून डोक्यात शिरली.

ही कथा नीतिकथा म्हणून वाचली तर तिचा अर्थ ढोबळ होतो. कथेतला खरा पेच असा की नेदेची निंदा खोटी असूनही परिणामकारक ठरली. फोड उठले, राज्य गेले, सगळे काही खऱ्या निंदेसारखेच घडले. म्हणजे शब्दाचे सामर्थ्य सत्यातून येते हा सिद्धांत इथे तुटतो. कलेचे तंत्र पुरेसे पक्के असेल तर खोटा शब्दही लागू पडतो, हे ही कथा मान्य करते. तिने सत्याला जागा दिली आहे ती शब्दाच्या परिणामात नाही, तर त्या परिणामाच्या परतीत. खोट्या शब्दाचे देणे राहून जाते आणि ते बोलणाऱ्याच्या देहावर वसूल होते. कायद्यानेही हीच दिशा धरली: अन्यायाने निंदा करणाऱ्या फिलीचा दर्जा उतरे आणि त्याच्या प्रतिष्ठेचे ठरलेले मोल त्याला गमवावे लागे, आणि न्याय्य निंदेपूर्वीही स्तुती व निंदा मिसळलेले सूचनाकाव्य रचून समोरच्याला चूक दुरुस्त करण्याची संधी देण्याची रीत होती.

भारतीय वाचकाला यातून सत्यक्रियेची आठवण होईल, आणि ती आठवण केवळ साम्याचा मोह नाही. ‘मिलिंदपञ्ह’ या पाली ग्रंथात बिंदुमती नावाची गणिका सम्राट अशोकासमोर गंगेचा प्रवाह उलटा वाहवते, आणि तिचे सामर्थ्य कशातून आले असे विचारल्यावर सांगते की पैसे देणारा कोणत्याही वर्णाचा असो, ती त्याच्याशी सारख्याच निष्ठेने वागते, एवढ्या एका सत्याच्या उच्चारातून. आयरिश परंपरेत राजाच्या सत्यातून पाऊस, धान्य आणि दूध मिळते अशी श्रद्धा होती, आणि माइल्स डिलन या आयरिश संशोधकाने १९४७ साली या दोन श्रद्धा शेजारी ठेवून त्यांचे मूळ एका प्राचीन सामायिक वारशात शोधले. हा वारसा ग्राह्य धरला तरी फरक ठळक राहतो. बिंदुमतीसुद्धा पैसे घेणारीच आहे, पण तिचे सत्य तिच्या स्वतःच्या आचरणाविषयी आहे. फिली दुसऱ्याविषयी बोलतो, आणि ज्याच्याविषयी बोलतो त्याच्याकडूनच घेतो.

मग फिलीला खरे कळते तरी कसे? कोर्मकच्या त्याच शब्दकोशात ज्ञान मिळवण्याच्या तीन पद्धती येतात आणि त्यांच्याविषयीचा धर्मनिर्णयही येतो. पहिली ‘इम्बस फोरोस्नै’ ही साक्षात्काराची पद्धत. फिली डुकराच्या, कुत्र्याच्या किंवा मांजराच्या कच्च्या मांसाचा तुकडा चावतो, तो दारामागच्या फरशीवर ठेवून त्यावर मंत्र म्हणतो आणि देवतांना अर्पण करतो, मग दोन्ही तळहात गालांवर ठेवून झोपतो; त्याची झोप मोडू नये म्हणून इतर जण राखण करतात, आणि जागा झाल्यावर त्याला विचारलेले कळलेले असते. दुसरी ‘तेन्म लैदा’, तीही अर्पणाशी जोडलेली. तिसऱ्या पद्धतीत फिली कोणताही नैवेद्य न ठेवता, केवळ कलेच्या बळावर जागच्या जागी रचून उत्तर देतो. संत पॅट्रिकने पहिल्या दोन पद्धती बंद केल्या आणि तिसरी राहू दिली असे कोर्मक सांगतो, कारण तिसरीत मूर्तींना काही वाहावे लागत नाही. हा निर्णय प्रत्यक्षात पॅट्रिकने दिला असो वा नसो, त्यातली तात्त्विक छाननी विलक्षण आहे. धर्मसंस्थेने कवीचे ज्ञान खोटे ठरवले नाही. तिने फक्त त्या ज्ञानाचा उगम दैवी शक्तीकडून काढून शिक्षणाकडे नेला. कवीला दिसते ते खरे असू शकते, पण ते त्याला दिसते कारण तो शिकला आहे, कोणी त्याच्या कानात सांगितले म्हणून नव्हे.

फिलींनी स्वतः मात्र हा निकाल इतक्या सरळपणे स्वीकारलेला दिसत नाही. साधारण आठव्या शतकातल्या, आणि अमर्गिन या पौराणिक कवीच्या तोंडी घातलेल्या ‘काव्याचा कढई-ग्रंथ’ म्हणता येईल अशा एका लहान रचनेत प्रश्न थेट विचारला आहे: माणसात काव्याचे मूळ देहात आहे की आत्म्यात? काही म्हणतात आत्म्यात, कारण आत्म्यावाचून देह काही करत नाही. काही म्हणतात देहात, कारण काव्य बापाकडून, आजोबांकडून वारशाने येते. ग्रंथकार दोन्ही मते ऐकून घेतो आणि म्हणतो की मूळ प्रत्येक देहात असते, पण दर दुसऱ्या माणसात ते प्रकट होत नाही. पुढे तो सांगतो की प्रत्येक माणसाच्या आत तीन कढया असतात. पहिली जन्मतः सरळ असते आणि बालपणीची समज देते. दुसरी, गतीची कढई, जन्मतः कलती असते. तिसरी, ज्ञानाची, जन्मतः पालथी असते. गतीची कढई अडाणी माणसात पालथी, बार्डमध्ये कलती आणि मोठ्या विद्वानात सरळ असते. ती सरळ होते दुःखाने किंवा आनंदाने. दुःखाचे चार प्रकार सांगितले आहेत, ओढ, शोक, मत्सराचे दुःख आणि ईश्वरासाठी स्वीकारलेला परदेशवास. आनंद दैवी आणि मानवी असा दोन प्रकारचा, आणि मानवी आनंदात देहसुखापासून उत्तम अभ्यासानंतर मिळणाऱ्या काव्याधिकाराच्या आनंदापर्यंत सगळे बसते. त्याच्याही पुढचा, शेवटचा आनंद म्हणजे सेगश झऱ्याकाठच्या नऊ हेझल वृक्षांच्या फळांतून येणारे ज्ञान, जे दर सात वर्षांनी एकदा, जूनच्या मध्यास, बॉइन नदीतून प्रवाहाच्या उलट दिशेने येते. तारखेचा हा नेमका तपशील पाहून आधुनिक वाचकाला हसू येईल. पण साक्षात्काराचेही वेळापत्रक असावे असे वाटणारे हे लोक विद्यालये चालवणारे होते, हे विसरू नये.

या ग्रंथातला सर्वांत सूक्ष्म विचार असा की दुःखाचे आणि आनंदाचे कारण बाहेर असले तरी कढई फिरते ती आतून. म्हणजे ज्ञान ना केवळ वरून पडते, ना केवळ पाठांतराने भरते. बाहेरचे काही घडावे लागते, आणि ते सोसणारे भांडे आधीच घडलेले असावे लागते. संस्कृत काव्यशास्त्रज्ञ मम्मटाने अकराव्या शतकात शक्ती, निपुणता आणि अभ्यास या तिघांना मिळून काव्याचे कारण मानले त्याच्याशी हे बरेच जुळते, मात्र मम्मटाच्या सूत्रात दुःखाला जागा नाही. अठराव्या शतकाच्या आरंभी या विद्यालयांच्या पद्धतीविषयी जी वर्णने प्रसिद्ध झाली त्यांतही हीच दोन टोके दिसतात. मार्टिन मार्टिन याने १७०३ साली स्कॉटलंडच्या पश्चिमी बेटांवरील कवींविषयी लिहिले आहे की ते दिवसभर अंधाऱ्या खोलीत दारे बंद करून उताणे पडत, पोटावर दगड ठेवत, डोक्याभोवती आपली घोंगडी गुंडाळत आणि त्या अवस्थेत रचना करत. आयर्लंडच्या शाळांतही विद्यार्थ्यांना खिडक्या नसलेल्या खोल्यांत, बिछान्यावर पडून, दिलेल्या विषयावर दिवसभर मनात रचना करायला लावत आणि मग रात्री दिवा आणून ती लिहवून घेत असे वर्णन १७२२ साली छापले गेले. हा इम्बसचा अंधार आहे, पण आता त्यात कच्चे मांस नाही. त्यात गृहपाठ आहे.

ज्ञानाचा उगम हा प्रश्न असा थोडाफार मार्गी लागला, तरी मोलाचा प्रश्न राहिलाच. त्याचे सर्वांत जुने नाट्य संत कोलुंबा आणि कवी डालान फोरगिल यांच्या कथेत आहे. परंपरेप्रमाणे ५७५ च्या सुमारास ड्रुम केट येथे भरलेल्या सभेत कवींना देशाबाहेर घालवण्याचा विचार होता, कारण त्यांची संख्या आणि त्यांच्या मागण्या दोन्ही लोकांना असह्य झाल्या होत्या. कोलुंबाने मध्ये पडून त्यांना वाचवले, पण त्यांच्या मोठमोठ्या परिवारांना कात्री लावली. त्यानंतर कवींनी संताची स्तुती गायली, आणि कथा सांगते की ती ऐकताना त्याच्या मनात इतका अभिमान दाटला की वरचे आकाश दुष्ट आत्म्यांनी भरून गेले. सहकाऱ्याने सावध केल्यावर त्याने डोक्यावर झगा ओढून घेतला आणि रडला. डालानने त्याची स्तुती आरंभली तेव्हा कोलुंबाने त्याला थांबवले, जिवंत माणसाची नव्हे, मेलेल्याची स्तुती करावी असे सांगितले. ५९७ साली संताचा मृत्यू झाल्यावर डालानने ‘अव्हरा’ हे विलापकाव्य रचले, आणि त्याचे मोल म्हणून त्याने सोने न मागता स्वतःसाठी आणि ते म्हणणाऱ्या प्रत्येकासाठी स्वर्ग मागितला असे मानले जाते. इथे धर्माने स्तुतीचा सौदा बंद केला नाही, फक्त चलन बदलले. आणि त्या नव्या चलनालाही लगेच बनावट नाण्यांचा धोका जाणवला असावा, कारण एका कथेत एक दुराचारी धर्मगुरू स्वर्ग मिळावा म्हणून ‘अव्हरा’ पाठ करू लागतो. त्याला अर्धेच पाठ होते, तो संताच्या समाधीपाशी रात्रभर प्रार्थना करतो आणि सकाळी उरलेले अर्धे त्याला येते, पण आधीचे अर्धे विसरलेले असते.

तेराव्या शतकात या प्रश्नाला थेट सामोरे जाणारा कवी म्हणजे गिल्ला ब्रीदे मॅक कॉन मी. उत्तरेकडील ओ डोनेल आणि ओ नील या घराण्यांसाठी लिहिणाऱ्या या कवीच्या काळात रोमहून आलेल्या कोणा दूताने कवींच्या विरोधात पत्र आणल्याचा दावा केला होता, आणि त्याला उत्तर म्हणून गिल्ला ब्रीदेने एक दीर्घ काव्य रचले. माणसाची स्तुती म्हणजे ज्याने त्याला घडवले त्याची स्तुती, हा त्याचा एक युक्तिवाद फारसा नवा नाही. दुसरा व्यावहारिक आहे: कवी नसतील तर थोरांच्या वंशावळी आणि पराक्रम यांची आठवणच राहणार नाही, प्रत्येकाला आपल्या बापापलीकडे काही ठाऊक नसेल, आणि सरदार व शेतमजूर यांच्यात भेद उरणार नाही. तिसऱ्या युक्तिवादात तो सर्वांत धाडसी होतो. स्तुतीत असत्य असेल असे तो सरळ मान्य करतो, पण ते टिकणारे असत्य आहे आणि त्याच्या बदल्यात मिळणारी गुरेढोरे, तो ज्याच्यासाठी रचतो तो राजा, ही सगळी नश्वर आणि म्हणून त्याहून मोठी असत्ये आहेत. वैराग्याची भाषा त्याने उलटवून टाकली. जग मिथ्या आहे असे जे धर्मोपदेशक सांगतात त्यांना त्यांच्याच तत्त्वावर विचारले की मिथ्या जगाविषयीची रचना मिथ्या असेल तर तिच्यात विशेष काय बिघडले?

हा युक्तिवाद चतुर आहे, पण तो फिलींच्या जुन्या श्रद्धेचे कंबरडेच मोडतो, हे बहुधा गिल्ला ब्रीदेच्या लक्षात आले नसावे, किंवा आले असून त्याने त्याची पर्वा केली नसावी. नेदेच्या कथेत खोट्या शब्दाचे देणे बोलणाऱ्यावर चढते. गिल्ला ब्रीदेच्या हिशेबात सगळेच खोटे असल्यामुळे कोणाचेच देणे चढत नाही. समर्थ रामदासांनी ‘दासबोधा’त कवित्वाचे धीट, पाठ आणि प्रासादिक असे प्रकार करताना पोटासाठी केलेल्या नरस्तुतीला धीटपाठात ढकलले आणि खरे कवित्व भगवंताच्या प्रसादाला राखून ठेवले, ते गिल्ला ब्रीदेला मान्य झाले नसते. पण रामदासांचा पर्याय फिलीपुढे नव्हताच; ज्याचे सारे शिक्षण, सारी शेती आणि सारा सामाजिक दर्जा नरस्तुतीवर उभा आहे त्याला नरस्तुती सोडून द्या असे सांगणे म्हणजे त्याचा व्यवसायच बंद करणे होते. गंमत अशी की फिलींनी ईश्वरस्तुतीही त्याच चौकटीत बसवली. तेराव्या शतकातील डोनाखा मोर ओ डाली आणि त्याच्यानंतरच्या कवींच्या धार्मिक रचनांत ईश्वर हा मोठा सरदार म्हणून येतो, त्याच्या घराण्याशी कवी नाते जोडतो आणि काव्याचा मोबदला म्हणून स्वर्गात जागा मागतो. हे भक्तीचे व्यापारीकरण वाटेल. पण ज्यांनी राजाकडे तोंड उघडून मागायला कधी लाज मानली नाही त्यांनी देवाकडे मागताना ती का मानावी?

चौदाव्या शतकात गॉफ्री फिऑन ओ डाली याने तर पडदाच बाजूला केला. डेस्मंडच्या नॉर्मन वंशाच्या सरदाराला उद्देशून केलेल्या काव्यात तो सांगतो की परक्यांसाठी रचताना कवी मूळच्या गेलिक लोकांना देशाबाहेर हाकलण्याचे वचन देतात आणि गेलिक सरदारांसाठी रचताना परक्यांना समुद्रापार घालवण्याचे. दोन्ही बाजूंना हे ठाऊक आहे आणि कवीलाही ठाऊक आहे की दोघांना ठाऊक आहे. इथे स्तुती हे माहिती देणारे विधान राहत नाही, ती मान्य विधी होते, जसे लग्नातल्या मंगलाष्टकांत वधूवरांविषयी जे म्हटले जाते त्याची कोणी पडताळणी करत नाही. हा बचाव गिल्ला ब्रीदेच्या बचावापेक्षा प्रामाणिक आहे. त्याची किंमत मात्र मोठी आहे, कारण विधी झालेल्या शब्दाने कोणाच्या चेहऱ्यावर फोड उठत नाहीत.

काल्पनिक जगांच्या लेखकांनी या इतिहासातून काय घेतले आणि काय टाकले हे आता स्पष्ट दिसते. खेळातल्या गायकाचे सामर्थ्य यंत्रासारखे चालते. त्याने गायलेले खरे आहे का हे नियम विचारत नाहीत, त्याला ते गाता येते का एवढेच विचारतात. नेदेची कला त्यांनी घेतली, खडकाची कपची घेतली नाही. याला एक मोठा अपवाद अर्सुला ले ग्विनचा आहे. तिच्या १९६८ सालच्या ‘अ विझर्ड ऑफ अर्थसी’ या कादंबरीत रोक बेटावरच्या विद्यालयात वीरगाथा शिकवणारा गायनाचार्य आहे आणि खरी नावे शिकवणारा नामाचार्यही आहे, आणि ज्या आदिभाषेत मंत्र उच्चारले जातात तिच्यात माणसाला खोटे बोलताच येत नाही. ते सामर्थ्य फक्त ड्रॅगनांना आहे. ले ग्विनने प्रश्न ओळखला आणि तो भाषेच्या व्याकरणातच सोडवून टाकला. फिलींना ही सोय नव्हती. त्यांची भाषा तीच होती ज्यात शेजारी भांडत, आणि तिच्यात खोटे बोलणे सर्वांनाच येत होते.

१६०१ साली किन्सेलच्या लढाईत गेलिक सत्तेचा पराभव झाला आणि १६०७ साली उत्तरेचे मोठे सरदार देश सोडून गेले. आश्रयदाता नाहीसा झाला तेव्हा मोलाचा प्रश्न आपोआप सुटला असे वाटेल, पण घडले वेगळेच. १६१६ ते १६२४ या काळात टाइग मॅक डारे मॅक ब्रूडी आणि लुई ओ क्लेरी यांच्यात उत्तरेचे घराणे श्रेष्ठ की दक्षिणेचे यावर काव्यातून प्रदीर्घ वाद चालला, ज्यात प्राचीन कवी टोर्ना याच्या नावावरच्या रचनांची सत्यता हाही मुद्दा होता. जी राज्ये उरलीच नव्हती त्यांच्या वंशावळींसाठी पुराव्यांची उलटतपासणी झाली. ट्युअमचा आर्चबिशप फ्लाहरी ओ मुलकोनरी, जो स्वतः विद्वान कवींच्या घराण्यातला होता, याने रिकाम्या भांड्यासाठी झुंजणारे कुत्रे अशी या वादाची संभावना केली. त्यानेच १६०७ साली लूव्हेन येथे आयरिश फ्रान्सिस्कनांचे सेंट अँथनी महाविद्यालय स्थापन केले होते, आणि त्या महाविद्यालयाच्या योजनेतून मायकेल ओ क्लेरी या फ्रान्सिस्कन बंधूने १६३२ ते १६३६ या काळात आयर्लंडचा मोठा वृत्तांतग्रंथ सिद्ध केला, जो ‘चार आचार्यांचा वृत्तांत’ म्हणून ओळखला जातो. त्यालाही फर्गल ओ गारा नावाचा आश्रयदाता होता आणि ग्रंथ त्यालाच अर्पण केला आहे. पण ओ क्लेरीने ग्रंथ पुरा होताच तो दोन जुन्या विद्वान घराण्यांतल्या जाणकारांकडे, फ्लॅन मॅक इगन आणि कॉनर मॅक ब्रूडी यांच्याकडे नेला आणि तो खरा असल्याची त्यांची लेखी प्रमाणपत्रे घेतली. शब्दाच्या खरेपणाची जबाबदारी आता कोणाच्या चेहऱ्यावर किंवा डोळ्यात नव्हती, ती कागदावरच्या सह्यांत होती. आणि काही वर्षांतच टुलेग्ना ओ मुलकोनरी याने त्या ग्रंथात चुका आहेत अशी तक्रार फ्रान्सिस्कन संघापुढे नेली.